लगोरी, पिट्ठुल आणि सॉकर

सात चपटे दगड एकावर एक रचावेत, काही पावलांवर रेघ ओढावी आणि एका गड्याने रेघेमागून चेंडू मारून तो ढीग पाडावा. ढीग पडला की खेळाचा रंग पालटतो. ज्यांनी तो पाडला त्यांनीच दगड पुन्हा रचायचे, आणि ते रचून होण्याआधी दुसऱ्या पक्षाने तोच चेंडू त्यांच्या अंगावर मारून त्यांना बाद करायचे. या खेळाला पैसा लागत नाही. दगड रस्त्यावर मिळतात. दगड नसतील तर फुटक्या कौलांचे तुकडे चालतात. चेंडू विकत आणता आला नाही तर चिंध्या गुंडाळून वर सुतळी आवळली तरी भागते. भारतात क्वचितच असे गाव असेल की जेथे हा खेळ कोणत्या ना कोणत्या रूपाने मुले खेळली नाहीत.

खेळ एक असला, तरी नावे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात त्याला लगोरी म्हणतात, कित्येक गावांत लिंगोरचा म्हणतात. हिंदी मुलखात तो पिट्ठू आहे, राजस्थानात सतोलिया आहे. तेलुगू मुले त्याला ‘एडु पेंकुलाटा’ म्हणतात, म्हणजे सात कौलांचा खेळ. रायपुरात आणि एकूण छत्तीसगढात याच खेळाचे नाव पिट्ठुल आहे.

रायपुरात मराठी माणसांची वस्ती जुनी आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला, आणि १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा करीपर्यंत तो कोणत्या ना कोणत्या स्वरूपात राहिला. कारभाराच्या, नोकरीच्या आणि पुढे शिक्षणाच्या निमित्ताने मराठी कुटुंबे या भागात आली आणि येथलीच झाली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली सुरू करणारे माधवराव सप्रे अशाच मराठीभाषक घराण्यातले होते. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेण्याचे श्रेय त्यांचे आहे, आणि त्यांच्या नावाच्या शाळेचे मैदान आजही शहराच्या जुन्या भागात आहे. शहरातल्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३५ सालची आहे. तात्यापारा हे रायपूरमधल्या एका जुन्या वस्तीचे नावच पाहावे. त्यातला ‘तात्या’ मराठी आहे आणि ‘पारा’ छत्तीसगढी आहे. दोन भाषांचा हा सांधा इतका घट्ट बसला आहे की रोज तेथून जाणाऱ्याला तो जाणवतही नाही.

अशा शहरातल्या मराठी घरांत एक लहानसा प्रसंग वारंवार घडतो. मूल गल्लीतून खेळून येते आणि ‘पिट्ठुल खेळत होतो’ असे सांगते. घरातले कोणी वडीलधारे त्याला तत्काळ अडवते, ‘पिट्ठुल नव्हे रे, लगोरी म्हणावे.’ मूल मान हलवते, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत पुन्हा पिट्ठुलच खेळते. कारण तेथे ‘लगोरी’ म्हटले तर सवंगड्यांना कळणार नाही. सुटीत तेच मूल नागपूरला किंवा पुण्याला नातलगांकडे गेले आणि त्याच्या तोंडून ‘पिट्ठुल’ निघाले, तर मामेभावंडे हसतात. एकच शब्द एका ठिकाणी आवश्यक आणि दुसऱ्या ठिकाणी हास्यास्पद ठरतो. दोन्ही ठिकाणी मुलाला सांगितले जाते ते मात्र एकच: एक शब्द शुद्ध आहे आणि दुसरा अशुद्ध.

हे सांगणे कितपत खरे आहे, ते तपासायला हवे. ‘लगोरी’ हा शब्द मराठीचा आहे यात संशय नाही, पण तो एकट्या मराठीचा नाही. कर्नाटकातही या खेळाला लगोरीच म्हणतात. हातातल्या ‘चेंडू’चीही तीच गोष्ट आहे. कन्नडमध्ये चेंडूला ‘चेंडु’ म्हणतात. हिंदीतली ‘गेंद’ मात्र संस्कृत ‘गेंदुक’ या शब्दाच्या कुळातली आहे. म्हणजे रायपूरच्या घरात ‘गेंद नव्हे, चेंडू म्हण, पिट्ठुल नव्हे, लगोरी म्हण’ असे बजावणारी व्यक्ती मुलाला शुद्ध मराठीकडे नेत असते असे नाही. उत्तरेच्या शेजाऱ्याकडून काढून ती त्याला दक्षिणेच्या शेजाऱ्याकडे नेत असते. शेजार बदलतो एवढेच.

या बोलण्यामागे एक समजूत आहे. मुलांच्या, अशिक्षितांच्या आणि रस्त्यावरच्या तोंडचे शब्द म्हणजे बिघडलेले शब्द, आणि पुस्तकातले शब्द म्हणजे मूळचे व निर्मळ शब्द, अशी ती समजूत. जे लोक लहानपणी शाळा सोडून कामाला लागले आणि मोठेपणी पुन्हा पुस्तक हातात घेत आहेत, त्यांच्या मनावर या समजुतीचे ओझे सर्वांत अधिक असते. आपल्याला येते ती भाषा खरी नव्हे, खरी भाषा अजून शिकायची आहे, असे त्यांना वाटत राहते. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत तर हे भय दुप्पट होते. इंग्रजी शब्द आपण मोडका उच्चारला, ही लाज पुष्कळांना आयुष्यभर पुरते. म्हणून ज्या भाषेचा एवढा धाक वाटतो, त्या भाषेतले चेंडूच्या खेळांचे शब्द कसे तयार झाले, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

‘सॉकर’ हा शब्द घ्यावा. ज्या खेळाला सारे जग फुटबॉल म्हणते, त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. शब्द ऐकल्यावर पुष्कळांना वाटते की त्याचा इंग्रजी ‘सॉक’शी, म्हणजे पायमोज्याशी, काही संबंध असावा. खेळ पायाचा, तेव्हा मोजाही आलाच. तर्क सोपा आहे, पण चुकीचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या मोठ्या निवासी शाळा आपापल्या परीने फुटबॉल खेळत. प्रत्येक शाळेचे नियम निराळे होते. कोठे चेंडू हातात घेऊन पळता येई, कोठे येत नसे. एका शाळेतली मुले दुसऱ्या शाळेतल्या मुलांशी खेळायला गेली की खेळापेक्षा वादच अधिक होत. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि त्यांनी ‘फुटबॉल असोसिएशन’ नावाची संस्था स्थापन केली. हातात चेंडू घेऊन धावणाऱ्यांना तिचे नियम मानवले नाहीत. हा दुसरा प्रकार रग्बी नावाच्या शाळेच्या पद्धतीवर बेतलेला होता. १८७१ मध्ये त्यांचीही स्वतंत्र संस्था झाली. अशा रीतीने एकाचे दोन फुटबॉल झाले, एक ‘असोसिएशन फुटबॉल’ आणि दुसरा ‘रग्बी फुटबॉल’.

ही नावे नियमांच्या पुस्तकात शोभणारी आहेत. तोंडात खेळवायला मात्र अवजड आहेत. त्या काळी रग्बी शाळेतून ऑक्सफर्ड विद्यापीठात एक खोड पसरली होती. शब्द मधेच तोडायचा आणि त्याला ‘अर’ असे शेपूट लावायचे. सकाळच्या न्याहारीला इंग्रजीत ‘ब्रेकफास्ट’ म्हणतात. या विद्यार्थ्यांनी त्याचे ‘ब्रेकर’ केले. ‘रग्बी’चे ‘रगर’ झाले. मग ‘असोसिएशन’ मागे कसे राहणार? त्याच्या पोटातला ‘सॉक’ एवढा तुकडा काढून त्यांनी ‘सॉकर’ बनवले. (पहिला तुकडा घेतला असता तर इंग्रजीत गाढवाची आठवण झाली असती, ती टळली हे बरेच झाले.) १८८०-९० च्या सुमारास हा शब्द थोड्याफार निराळ्या अक्षररचनांनी छापून येऊ लागला. एका नामवंत खेळाडूने तो सहज गमतीने उच्चारला आणि तेथून तो निघाला, अशी एक कथाही सांगितली जाते. शब्दांच्या जन्माच्या अशा कथा नेहमीच आटोपशीर असतात. ज्या गोष्टीमागे शेकडो मुलांची सवय उभी असते ती एका माणसाच्या नावावर टाकली की लक्षात ठेवायला सोपी जाते, एवढेच तिचे प्रयोजन.

पुढे अमेरिकेत ‘फुटबॉल’ हे नाव तेथल्या दुसऱ्याच एका खेळाने घेतले, म्हणून तेथे सॉकर या नावाला काम मिळाले. तेथल्या राष्ट्रीय संघटनेने १९४५ साली आपल्या नावात ‘सॉकर’ हा शब्द जोडला आणि १९७४ मध्ये ‘फुटबॉल’ हा शब्द काढून टाकला. इंग्लंडमध्येही विसाव्या शतकाचा बराच काळ वर्तमानपत्रे आणि पुस्तके सॉकर हा शब्द निःसंकोच वापरीत होती. शतकाच्या अखेरीस मात्र इंग्रज प्रेक्षकांना तो खटकू लागला. हा अमेरिकनांचा शब्द आहे, खरा शब्द फुटबॉलच, असे तेथे आता आवेशाने सांगितले जाते. स्वतःच्या मुलांनी घडवलेला शब्द समुद्रापलीकडे जाऊन मोठा झाला, तेव्हा त्याला परका ठरवून दारातच अडवावे, असा हा प्रकार आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ‘असोसिएशन’ या भारदस्त शब्दाची अशी मोडतोड करणाऱ्यांना कोणी अडाणी म्हटले नाही. ती श्रीमंत घरांतली, नामांकित विद्यापीठातली मुले होती. त्यांनी शब्द मोडला तर ती ऐट ठरली. कोशकारांनी त्याची नोंद केली, आणि आज तो अर्ध्या जगाच्या क्रीडावृत्तांत मानाने छापला जातो. तेच काम एखाद्या पाऱ्यातल्या किंवा वाडीतल्या मुलाने केले तर त्याला चूक म्हणतात. शब्दाच्या घडणीत या दोहोंत काडीचा फरक नाही. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या घरात.

इंग्रज हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी येथल्या शब्दांचे काय केले, हा याच गोष्टीचा दुसरा अध्याय आहे. ‘जिमखाना’ हा शब्द आज प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. मुंबईचा जिमखाना १८७५ चा, पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. शब्द ऐकताना वाटते की ‘जिम’ हा इंग्रजी आणि ‘खाना’ हा फारसी. प्रत्यक्षात तो ‘गेंदखाना’, म्हणजे चेंडू खेळण्याची जागा, या शब्दाचे रूपांतर असावे, असे युल आणि बर्नेल या इंग्रज कोशकारांनी आपल्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात नोंदवले आहे, आणि तेच मत आज सामान्यतः स्वीकारले जाते. त्याचा सर्वांत जुना वापर त्यांना रुडकी येथे १८६१ साली आढळला. गोऱ्या शिपायाच्या कानावर ‘गेंदखाना’ पडले. ‘गेंद’ म्हणजे काय ते त्याला समजले नाही. पण व्यायामाला आपल्याकडे ‘जिम्नॅस्टिक्स’ म्हणतात हे त्याला ठाऊक होते. अनोळखी शब्दाच्या जागी त्याने ओळखीचा शब्द बसवला. पुढे हाच शब्द इंग्रजीचा म्हणून परत आला, आणि आपण तो आदराने संस्थांच्या पाट्यांवर रंगवला.

‘पोलो’ची कथाही अशीच आहे. घोड्यावर बसून चेंडू टोलवण्याचा हा खेळ इंग्रजांनी मणिपुरी लोकांकडून उचलला; त्यांचा पहिला क्लब आसामातल्या सिलचर येथे १८५९ साली निघाला. मणिपुरात त्या खेळाचे नाव ‘सगोल कांगजै’. ते त्यांच्या जिभेला पेलले नसावे. रूढ झाले ते ‘पोलो’, आणि तो बाल्टी भाषेतला शब्द आहे. तिकडे, बाल्टिस्तानच्या डोंगरांत, त्याचा साधा अर्थ चेंडू. बॅडमिंटनचे तर उलटेच झाले. पुण्याच्या लष्करी छावणीत हा खेळ इतका रुजला होता की काही काळ इंग्रज त्याला ‘पूना’ म्हणत. नंतर इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या ‘बॅडमिंटन’ नावाच्या वाड्याने पुण्याला मागे टाकले. दोन्ही गावांचीच नावे. त्यांतले एक टिकले.

आता ‘जिमखाना’ शेजारी मराठी मुलांचा एक शब्द ठेवून पाहावा. लपाछपीच्या खेळात लपलेल्या गड्याला हेरले की इंग्रज मूल ओरडते, ‘आय स्पाय’, म्हणजे मला दिसला. ही आरोळी मराठी मुलांच्या कानावर गेली आणि तिचे ‘ऐसपैस’ झाले. रिकामा डबा दूर फेकून खेळायचा तो ‘डबा ऐसपैस’. हिंदी मुलखात याच आरोळीचे ‘आइस-पाइस’ झाले. मराठीतले रूप मात्र विशेष पाहण्यासारखे आहे, कारण ‘ऐसपैस’ हा शब्द मराठीत आधीपासून होता. ऐसपैस ओसरी, ऐसपैस घर, असे आपण म्हणतो. त्याचा अर्थ प्रशस्त, मोकळे. लपण्याच्या खेळाशी या अर्थाचा काही संबंध नाही. मुलांना इंग्रजी आरोळीचा अर्थ लागला नाही, तेव्हा तिच्या जागी त्यांनी कानाला जवळचा असा स्वतःचा शब्द बसवला. रुडकीच्या गोऱ्या शिपायाने केले नेमके तेच मराठी मुलांनी केले. त्याच्या शब्दाची पाटी लागली आणि यांच्या शब्दावर ‘अपभ्रष्ट इंग्रजी’ असा शिक्का बसला, ही गोष्ट न्यायाची नव्हे.

मुले केवळ शब्द वाकवतात असे नाही, ती ते जपतातही. विटीदांडूत विटी पायावर, मुठीवर, डोळ्यावर ठेवून टोलवताना महाराष्ट्रातली मुले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी गणती करीत. पिढ्यान्पिढ्या ही अक्षरे अर्थाशिवाय पाठ म्हटली गेली. तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ म्हणतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या निरर्थक अक्षरांचा अर्थ एका क्षणात उलगडतो. मराठी मुलुख आणि तेलुगू मुलुख यांचा शेजार किती जुना आणि किती निकट आहे, याचा हा पुरावा कोणत्याही दप्तरखान्यात नव्हता. तो मुलांच्या तोंडी होता. विटीदांडू ज्या अंगणांतून गेला तेथून तो पुरावाही गेला.

खेळातल्या लहान लहान संज्ञांतही एकेका भाषेची दृष्टी दिसते. ज्याच्यावर डाव येतो, ज्याला इतरांना शोधायचे किंवा पकडायचे असते, त्याच्यावर ‘राज्य आले’ असे मराठीत म्हणतात. ज्याच्या वाट्याला सगळी दगदग येते त्याला राजा ठरवण्याचा हा मिस्कीलपणा मराठीच करू जाणे. रायपुरात त्याच गड्याने ‘दाम द्यायचा’ असतो. हिंदी मुलखात पुष्कळ ठिकाणी तो सरळ ‘चोर’ होतो. खेळ तोच, गडी तोच; त्याच्याकडे पाहणारे डोळे निराळे. रायपूरच्या मराठी मुलाला यांतले दोन-तीन शब्द तरी सहज येतात. त्याची भाषा गरीब आहे असे कोणी म्हणावे?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. प्रत्येकाने आपापला शब्द धरून ठेवला तर भाषेला काही प्रमाण राहणार नाही. पुस्तक कोणत्या शब्दांत छापायचे, परीक्षेत काय लिहायचे, सरकारी अर्जात कोणता शब्द टाकायचा? प्रमाणभाषा लागते, हे मान्य केलेच पाहिजे. रायपूरहून रत्नागिरीला पत्र पाठवणाऱ्याने तेथल्या वाचकाला कळेल असे लिहावे, यात अन्याय काही नाही. जो मोठेपणी शिकायला बसला आहे त्याला तर प्रमाणभाषेची गरज इतरांपेक्षा अधिक आहे; तिच्यावाचून कचेरीची आणि न्यायालयाची दारे त्याला उघडत नाहीत. त्याला ती शिकवू नये असे म्हणणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय करणे होय. पण ‘प्रमाण’ आणि ‘शुद्ध’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. प्रमाण म्हणजे सर्वांनी व्यवहारासाठी मानलेले माप. बाजारात मीटरने कापड मोजतात, म्हणून घरात वितीने माप घेणे खोटे ठरत नाही. ‘लिहिताना लगोरी लिही’ असे मुलाला सांगणे योग्य आहे. ‘पिट्ठुल हा शब्दच चुकीचा’ असे सांगणे अयोग्य आहे, कारण ते असत्य आहे.

प्रमाणभाषासुद्धा ठरवून सर्वस्वी घडत नाही. क्रिकेट महाराष्ट्रात आले तेव्हा त्याला ‘चेंडूफळी’ हे सुटसुटीत देशी नाव देण्यात आले. ते लोकांनी स्वीकारले नाही. क्रिकेट ते क्रिकेटच राहिले. त्याच खेळातला ‘गोलंदाज’ मात्र घरोघर पोहोचला. हा शब्द मुळात फारसी आहे आणि मराठ्यांच्या फौजेत तोफ डागणाऱ्याला तो लावीत. तोफा गेल्या, शब्द रिकामा पडला होता, त्याला चेंडू फेकण्याची नवी नोकरी मिळाली. त्याच्याच धर्तीवर ‘फलंदाज’ घडला. हिंदीने तेथे ‘गेंदबाज’ आणि ‘बल्लेबाज’ पत्करले. २१ जानेवारी २०२३ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यात रायपूरच्या मैदानावर पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्या दिवशी एकाच खेळाडूला हिंदी वर्तमानपत्रे गेंदबाज म्हणत होती आणि मराठी वर्तमानपत्रे गोलंदाज म्हणत होती. दोन्ही बरोबर होती, आणि दोहोंतला गोंधळ कोणालाही झाला नाही.

खरी काळजी अशुद्धतेची नाहीच. ती दुसरीकडे आहे. खेळाला नियमांचे पुस्तक मिळाले, संघटना मिळाली, स्पर्धा सुरू झाल्या की अनेक नावांतले एक नाव वर चढते आणि बाकीची खाली जातात. महाराष्ट्रात ‘हुतूतू’ हा शब्द एके काळी किती जिवंत होता! बंगालमध्ये ‘हाडुडू’ होते, तमिळ मुलखात ‘चडुगुडू’ होते. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने या देशी खेळाचे प्रात्यक्षिक जगापुढे केले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकांचा मान मिळाला. २०१४ पासून व्यावसायिक सामने दूरदर्शनसंचावर घराघरांत दिसू लागले. या साऱ्या प्रवासात नाव एकच राहिले, कबड्डी. खेळ जगाला कळला ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आज शाळेतल्या मुलाला ‘हुतूतू’ म्हणजे काय असे विचारले, तर त्याला ते सांगता येईलच असे नाही.

लगोरीच्या आणि पिट्ठुलच्या बाबतीत तीच वेळ येऊ पाहत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य शासनाने ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ नावाच्या स्पर्धा सुरू केल्या. पहिल्या वर्षी चौदा खेळ होते, २०२३ मध्ये ते सोळा झाले. त्या यादीत गेडी, भौंरा, बाटी, बिल्लस, फुगडी आणि पिट्ठुल ही नावे छापली गेली. गेडी म्हणजे बांबूच्या उंच पावड्यांवरून चालणे. भौंरा म्हणजे आपला भोवरा. बाटी म्हणजे गोट्या. फुगडीचे नाव मराठीत आणि छत्तीसगढीत एकच आहे, परंतु खेळ अर्धाच सारखा आहे. मराठी मुली हात धरून गरगर फिरतात त्याला फुगडी म्हणतात. छत्तीसगढची फुगडी उकिडवे बसून पाय मागेपुढे करीत घालतात, म्हणजे ती आपल्या बसफुगडीच्या जवळची आहे. सरकारी यादीत गल्लीतला शब्द जसाच्या तसा छापला जाणे ही लहान गोष्ट नव्हे. छत्तीसगढच्या विधानसभेने २००७ साली छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा दिला होता. पण ‘पिट्ठुल’ या शब्दाला सामान्य माणसाच्या मनात जी प्रतिष्ठा आली असेल, ती या यादीमुळे अधिक आली असावी. उद्या एखाद्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी या सात दगडांच्या खेळाला एकच नाव द्यायचे ठरेल. ते पिट्ठू असेल, लगोरी असेल, किंवा आणखी काही असेल. नियमांच्या पुस्तकाला एक नाव लागणारच. पाठ्यपुस्तकाने आणि कोशाने मात्र एकाच नावावर थांबण्याचे कारण नाही.

या कामाला मराठीत पूर्वपरंपरा आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादिलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात ग्रंथांतल्या शब्दांबरोबर शेतातले, धंद्यांतले आणि खेळांतले कितीतरी शब्द त्यांनी घेतले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे लोटली. मराठी माणूस रायपूर, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्पिढ्या राहिला आणि तेथल्या मुलांबरोबर त्याची मुले खेळली. त्या खेळांतले मराठी फारसे कोणी टिपून ठेवलेले नाही. ते ज्यांच्या तोंडी आहे ती माणसे आता साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना आपल्याजवळ नोंदण्याजोगे काही आहे असे वाटतही नाही.

मुक्त विद्यालयाच्या अभ्यासकेंद्रांत हे काम सहज होण्यासारखे आहे. तेथे एकाच बाकावर निरनिराळ्या वयांची आणि निरनिराळ्या गावांहून आलेली माणसे बसतात. नेहमीच्या शाळेत असे कधी घडत नाही. कोणी भंडाऱ्याकडून बांधकामावर आलेला असतो, कोणी राजनांदगावच्या बाजूची गृहिणी असते, कोणी तात्यापाऱ्यात जन्मलेला दुकानदार असतो. प्रत्येकाने एका कागदावर लिहावे: सात दगडांच्या खेळाला लहानपणी काय म्हणत, दगड सातच असत की अधिक, चेंडू कशाचा असे आणि तो कोण करून देई, चेंडू लागला की काय ओरडत, थोडा वेळ खेळ थांबवायचा तर कोणता शब्द उच्चारत, ज्याच्यावर डाव येई त्याला काय म्हणत. शब्द जसा बोलत तसाच लिहावा, दुरुस्त करू नये. शेवटी गावाचे नाव आणि सुमारे कोणत्या वर्षाची आठवण आहे, ते टाकावे.